स्वहस्ते

माझा धाकटा भाऊ अजित पुण्याला असतो आणि रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस त्याला बहीण नसते. त्या रविवारी फोन आला तेव्हा मी डोशाचं वाटत होते. ग्राइंडर बंद करून फोन घेतला, आणि तो पुन्हा सुरू करायचं त्या संध्याकाळी राहूनच गेलं.

“अक्का, अप्पांचा रेझर आहे ना गं तुझ्याकडे?”

“आहे.”

“फेकला नाहीस ना?”

हा प्रश्न विचारणारा माणूस गेल्या वर्षी अप्पांच्या दहाव्याला माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, “त्या गंजक्या रेझरचं काय करायचंय? देऊन टाक कुणाला तरी.” गंजका म्हणे! पितळ गंजत नाही, कळकतं. पण ते घासणाऱ्याला ठाऊक.

“बंगल्याच्या हॉलमध्ये मी अप्पांचा कोपरा करतोय,” अजित सांगायला लागला. “काचेचं कपाट. त्यांची शिट्टी, कंदील, हिरवं-लाल निशाण, आणि मधोमध रेझर. पण तो चकाचक हवा. तुमच्या बंगलोरला प्लेटिंगवाले पुष्कळ, तेवढं निकेल करून ठेव. मी कंपनीच्या कामाला येतोच आहे, तेव्हा घेऊन जाईन.”

“बरं.”

“खाली पितळी पट्टी लावणार आहे. मजकूर ऐक हं. ‘रेल्वे गार्ड कै. हणमंतराव यांनी अखेरच्या दिवसापर्यंत ज्याने स्वहस्ते दाढी केली, तो हा रेझर.’ कसं वाटतंय?”

“स्वहस्ते?”

“म्हणजे स्वतःच्या हातांनी गं.”

स्वहस्ते म्हणजे काय ते मला कळतं. अप्पांनी आम्हा दोघांनाही एकाच शाळेत घातलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवर भांडायचं तर समोरचं तोंड दिसत नाही, आणि तोंड न बघता भांडण्यात मला रस नाही. मी कानडीत नुसतं “सरी,” म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला.

आता हे स्वहस्ते प्रकरण काय, ते सांगते.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. अप्पा मालगाडीवर गार्ड होते, आणि आमचं लहानपण गेलं बंगलोरजवळ येलहंक्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. हा रेझर त्यांना पर्किन्स नावाच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने ऑस्ट्रेलियाला जाताना दिलेला. विलायती, तीन तुकड्यांचा, खाली कंगव्यासारखे दाते, आणि आत निळी मखमल लावलेली त्याची डबी. अप्पा चालत्या गाडीत, गार्डाच्या डब्यात उभे राहून त्याने दाढी करायचे. मालगाडीचा डबा म्हणजे काय हिसके देतो! पण एक ओरखडा नाही. विचारलं तर म्हणायचे, “दाबायचा नाही. त्याच्या वजनाने चालू द्यायचा. आपण फक्त सोबत जायचं.”

म्हातारपणी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचा गेली. मी त्यांना जे. पी. नगरला माझ्याकडे आणलं. उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवलेल्या जागी पडून राहायचा. चमचा धरता येत नव्हता त्या हाताला, आणि माझ्या भावाच्या पट्टीवर तो हात दाढी करत होता.

आधी कोपऱ्यावरचा परसू न्हावी यायचा. पण अप्पांची मान मध्येच कलंडायची, लाळ गळायची. एकदा थोडं रक्त आलं, तेव्हा परसूने वस्तरा मिटला आणि म्हणाला, “अक्का, मला नको. माझाच हात लटपटतोय.” मग राहिले कोण? माझे यजमान कारखान्याच्या पहाटेच्या बसने जाणारे. मी अप्पांची डबी उघडली.

पहिल्या दिवशी मी रेझर असा दाबून धरला की अप्पांनीच डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी सांगितलं की दाबू नकोस. हळूहळू जमलं. डावा गाल ते स्वतः फुगवायचे. उजवा फुगायचा नाही, पिशवीसारखा लोंबायचा. त्याला मी एक बोट तोंडात घालून आतून वर उचलायचे, आणि मग वरून रेझर फिरवायचे. झालं की ते माझा हात धरून स्वतःच्या गालावर फिरवायचे, एखादं खुंट राहिलंय का ते बघायला. राहिलं असेल तर पुन्हा फेस. माझ्या बापाला अर्धवट काम चालायचं नाही, अर्धं अंग गेलं तरी.

नीलाआत्याला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. “बाईमाणसाने पुरुषाच्या तोंडावरून पातं फिरवायचं? कुठल्या शास्त्रात आहे हे?” मी विचारलं, “मग तुम्ही भाच्याला बोलावता का पुण्याहून, रोज सकाळी?” तर म्हणाली, “त्याला नोकरी आहे बाई.” मला काय होतं? मला बहुतेक सुट्टी होती.

आणि तो नोकरीवाला भाचा दिवाळीला यायचा. उठायचा साडेआठला. तोवर अप्पा अंघोळ-दाढी करून, शर्टाची बटणं लावून व्हरांड्यात बसलेले. “बघ, या वयात किती टापटीप!” असं आपल्या बायकोला सांगायचा, श्वेताला. ती बिचारी एकदा माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात अप्पांनी डावा हात ओठांवर ठेवला. मी समजले. लेकासमोर म्हाताऱ्याला लाज वाटत होती. मी गप्प बसले. पण अप्पांनी झाकलं म्हणून याला दिसू नये? समोर बसलेल्या बापाचा उजवा हात उचलला जात नाही, हे बघायला काय दुर्बीण लागते?

अप्पा गेले त्या सकाळीही मी त्यांची दाढी केली होती. दुपारी लोक जमले. जो तो म्हणत होता, चेहरा किती प्रसन्न, किती स्वच्छ. अजित रात्री पोचला, त्याने अग्नी दिला. दहाव्याला त्याने डोकं, मिशी सगळं उतरवलं. मला स्मशानात येऊ दिलं नाही. वर नीलाआत्याने फर्मान काढलं की रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचं दाढीचं सामान त्या दिवशीच्या न्हाव्याला द्यायचं. मी म्हटलं, सापडत नाही. ब्रश दिला, वाटी दिली, फिटकरी दिली. रेझर त्याच्या डबीसकट माझ्या रव्याच्या डब्यात होता. तेराव्यापर्यंत मी त्या घरात उपमा होऊ दिला नाही.

तर असा तो रेझर आता शोकेसला जाणार होता, ‘स्वहस्ते’च्या डोक्यावर बसून.

प्लेटिंगला देण्याआधी तो साफ करायला हवा होता. वर्षभर तसाच बंद राहिल्यामुळे दांडा घट्ट बसला होता. गरम पाण्यात साबण घालून ठेवला, मग आटे सुटावेत म्हणून रॉकेलचे दोन थेंब. फडक्यात धरून पिळला तेव्हा सुटला. वरची टोपी उलटी केली आणि मी तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसले. टोपीच्या आत साबण वाळून चिकटला होता, आणि त्या साबणात अप्पांची पांढरी खुंटं होती. त्या शेवटच्या सकाळची. मी घाईत तसाच मिटून ठेवला होता.

मला रडू आलं, आणि रडू येतंय याचाही राग आला. पुण्याच्या हॉलमध्ये चार पाहुण्यांनी वा वा म्हणावं म्हणून मी माझा बाप ब्रशने खरवडून काढायचा! वाटलं, फोन करावा आणि सांगावं की हरवला तुझा रेझर. पण रेझरचे दाते हिरवे पडले होते, मूळचं निकेल जागोजागी गेलं होतं. असाच ठेवला असता तर कळक वाढतच गेला असता. आणि खरं सांगायचं तर अप्पांनी स्वतः तो असा एक दिवसही ठेवून घेतला नसता. जुन्या दातब्रशने मी एकेक दाता घासला. ते पाणी मोरीत मात्र ओतलं नाही. जास्वंदीच्या बुडात ओतलं.

प्लेटिंगवाला मिळाला चिकपेटच्या मागच्या बोळात. शिवकुमार त्याचं नाव. दुकानात देवळाच्या समया, नळ, स्कूटरचे आरसे असं सगळं एकाच तारेवर लटकलेलं, आणि अॅसिडचा असा भपकारा की पदर नाकाला लावल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. त्याने रेझरचे तीन तुकडे तळहातावर घेतले.

“यारदु इदु, अम्मा?” कुणाचं आहे हे?

“नम्म अप्पंदु.” माझ्या वडिलांचं.

“उपयोगक्का, शोकेसगा?”

वापरायला की शोकेसला? मी विचारलं, त्याने काय फरक पडतो? तर म्हणाला, शोकेसला असेल तर तो चाकावर धरून आरशासारखा घासणार. दाते, कडा सगळं स्वल्प गोल होईल, पण चकाकी अशी येईल की बघत राहाल. ब्लेड नीट बसणार नाही, पण शोकेसमध्ये ब्लेड कोण लावतंय? वापरायचा असेल तर घासकाम कमी, जुना थर काढून नवा जाड थर. एवढा चमकणार नाही.

अजितला चकाचक हवा होता. माझ्या तोंडून निघालं, “उपयोगक्के.” वापरायला.

“यजमान वापरणार?”

“तुम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, “नाळे बन्नी.” उद्या या.

बंगलोरातल्या कारागिराचा उद्या म्हणजे काय, ते इथे जन्म काढलेल्याला सांगायला नको. मी गेले तर करंट नव्हता. पुन्हा गेले तर त्याच्या मामाच्या गावी जत्रा होती. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी दुकानासमोरच्या स्टुलावर बसकण मारली आणि सांगितलं की आता रेझर घेऊनच उठेन, माझं जेवण इथेच मागवा. तासाभरात तिन्ही तुकडे हातात पडले. झगझगीत नव्हते. पावसाळी ढगाच्या कडेसारखी मऊ चमक होती, आणि दाते सगळे जागच्या जागी, टोकदार. दांडा फिरवला तर आटे लोण्यासारखे बसले. मला हा रेझर मिळाला त्या दिवशीचे अप्पा आठवले असते, पण तेव्हा मी नव्हतेच. मला आठवले ते लुळे अप्पा. तेच माझे.

अजित आला मंगळवारी सकाळी, रात्रभराच्या बसने. दाढीची खुंटं वाढलेली, डोळे तांबारलेले. साडेदहाला त्याची मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग. कॉफी पिऊन त्याने बॅगेतून विजेचा शेव्हर काढला, भिंतीत खुपसला, आणि करंट गेला.

“आता गं?”

“आता काय, येईल दुपारी.”

“मग सलूनमध्ये जाऊन येतो.”

“आज मंगळवार.”

“असू दे की. सुट्टी सोमवारी असते.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे, सोमवारी पुण्याला! बंगलोरात मंगळवारी सगळी सलून बंद. येलहंक्याला तुझं डोकं कितीदा मंगळवार चुकवून भादरून आणलंय मी. जन्मलास कुठे तू?”

तो ओशाळला. “मी मुद्दाम सोमवार टाळून आलो,” म्हणाला. मग त्याची नजर टेबलावरच्या डबीकडे गेली. “अरे वा, झाला का? बघू.” डबी उघडून रेझर हातात घेतला. “छान झालाय. अजून थोडा चमकला असता तर... पण चालेल. अक्का, भावोजींचं ब्लेड असेल ना घरात? यानेच करतो की दाढी! अप्पांच्या रेझरने शेवटची दाढी, मग कपाटात.”

मी ब्लेड दिलं, साबण दिला. मागच्या अंगणात जास्वंदीच्या फांदीला आरसा टांगून तो उभा राहिला. विजेचं यंत्र दाबून फिरवायची सवय हाताला. पहिल्याच हाताला हनुवटीवर रक्ताची रेघ.

“आई गं! भलताच धारदार आहे हा.”

“दाबू नकोस.”

त्याने दुसऱ्यांदा दाबला. दुसरी रेघ.

“बस खाली,” मी म्हटलं.

“अगं अक्का, करतो मी...”

“अजित, खाली बस.”

तो स्टुलावर बसला. मी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल खोवला, फेस पुन्हा केला, कपाळावर तळवा ठेवून त्याची मान मागे घेतली. त्याने डोळे मोठे केले. गळ्याशी पातं असलं की पुण्याचा माणूससुद्धा गप्प बसतो. इतक्या वर्षांत ही पहिलीच वेळ असेल, की मी बोलतेय आणि माझा भाऊ ऐकतोय.

“गाल फुगव. डावा.”

त्याने फुगवला. रेझर खाली उतरला, त्याच्या वजनाने.

“अप्पासुद्धा असाच फुगवायचे, डावा. आता उजवा फुगव.”

त्याने उजवा फुगवला. मी हात थांबवला.

“अप्पांना हा फुगवता येत नव्हता. लोंबायचा. मी तोंडात बोट घालून आतून वर उचलायचे, आणि बाहेरून असा फिरवायचे. कधीकधी चावायचे ते. मुद्दाम नाही, जबडाच मिटायचा आपोआप.”

त्याचे ओठ हलले. मी रेझर ओठाच्या कडेशी आणला. ओठ थांबले.

“बोलू नकोस, कापेल. रोज सकाळी, तू उठायच्या आत. तुझी बायको एकदा विचारणार होती, अप्पांनीच गप्प केलं तिला. तुझ्यापुढे लाज वाटायची त्यांना. मी तुला सांगितलं नाही, कारण त्यांना नको होतं. पण तुला डोळे होते, अजित! दिवाळीत चार-चार दिवस तू त्यांच्यासमोर बसायचास. त्यांचा उजवा हात मी ताटाशी नेऊन ठेवायचे आणि घास भरवायचे, ते तू बघायचास. तो हात दाढी कशी करत होता? विचारलंस कधी? आणि आता पितळेवर कोरून लावतोस, स्वहस्ते! कुणाच्या हस्ते? मान वर.”

त्याने मान वर केली. गळा मी सावकाश केला. गळ्याशी माझा हात कधी चुकत नाही; राग कितीही असला तरी. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानामागच्या फेसात गेलं. ते साबणाचं होतं की कशाचं, मी बघत बसले नाही. मला अजून रागच होता.

पुसून झालं. सवयीने मी बोटांची मागची बाजू त्याच्या गालावरून फिरवली, कुठे खुंट राहिलंय का बघायला. हनुवटीखाली एक राहिलं होतं. तेही काढलं.

अजितने गळ्यातला टॉवेल काढला. मग म्हणाला, “पट्टी बदलतो. तुझं नाव घालतो, अक्का.”

“माझं नाव तुझ्या काचेत नको. मी काय शिट्टी आहे, का कंदील?”

“मग काय करू?”

मी रेझर उघडला, ब्लेड काढलं, तिन्ही तुकडे धुऊन उन्हात फडक्यावर मांडले. निळ्या मखमलीची डबी मिटून त्याच्या हातात दिली.

“ही घेऊन जा. हीसुद्धा अप्पांचीच. काचेत बंद डबी ठेव, कुणी उघडून बघत नाही. नाहीतरी तुमच्या घरात उघडून बघायची पद्धत नाही.”

“आणि रेझर?”

“रेझर तनयचा.”

तनय त्याचा मुलगा, नुकता कॉलेजात गेलेला. अजितचा चेहरा जरा उजळला. “मग दे की, मी देतो त्याला.”

“असा नाही. सुट्टीत त्याला इथे पाठव. दाढी करायला शिकवते. नीट शिकला, की रेझर त्याच्या हातात देईन.”

“अगं, करतो तो दाढी. केव्हाच शिकलाय.”

“स्वतःची रे. मी दुसऱ्याची करायला शिकवणार आहे.”

“दुसऱ्याची? कुणाची?”

“तुझी,” मी म्हटलं, आणि फांदीवरचा आरसा काढून घेतला.